पुलाखालचा राक्षस आणि पाच लाखांचा अर्ज

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत सिअ‍ॅटलला राहते. तिने एका पुलाखालच्या अवाढव्य राक्षसाचा फोटो पाठवला. त्याच्या पंजाखाली चक्क मोटार आहे. हा राक्षस तिथल्या रहिवाशांनी बसवला आणि त्यासाठी नगरपालिकेने त्यांना पैसे दिले, असे ती म्हणते. नगरपालिका राक्षसासाठी पैसे देते? आणि देत असेल, तर आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्याकाठी जो कचऱ्याचा ढीग आहे, त्या जागेचे काहीतरी बरे करायला पुण्याची महापालिका आम्हाला पैसे देईल का?
— एक ज्येष्ठ वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर: मुलगी खरे सांगते आहे. मोटारही खरीच आहे, फोक्सवॅगन बीटल. सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात ऑरोरा पुलाच्या उत्तर टोकाखाली हा 18 फुटी राक्षस 1990 पासून ठाण मांडून बसला आहे. पोलादी सळया, जाळी आणि वर सिमेंटचा गिलावा, अशी त्याची घडण. पुलाखाली दबा धरून बसणारे ‘ट्रोल’ नावाचे राक्षस नॉर्वेकडच्या लोककथांत भेटतात आणि शहराच्या त्या बाजूला स्कँडिनेव्हियातून आलेल्यांची वस्ती जुनी आहे. तेव्हा कल्पना सुचायला फार लांब जावे लागले नसेल. त्याआधी पुलाखाली लोक कचरा टाकत, अंधार पडला की नशा करणारे जमत. फ्रीमाँट आर्ट्स कौन्सिल या तिथल्या कलामंडळाने जागेसाठी स्पर्धा लावली, चार कलावंतांची मिळून केलेली ही कल्पना निवडली आणि खर्चाचा काही भाग शहराच्या निधीतून मिळवला. 2005 मध्ये शहराने पुलाखालच्या रस्त्याला ‘ट्रोल अ‍ॅव्हेन्यू’ असे नावही देऊन टाकले. आता तिथे पर्यटकांची रीघ असते. शेजारच्या घरांतल्या लोकांना हा सौदा फायद्याचा वाटतो की नाही, ते तुमच्या मुलीनेच विचारून सांगावे.

ज्या निधीतून पैसा आला त्याचे नाव ‘नेबरहुड मॅचिंग फंड’. 1988 मध्ये सिअ‍ॅटलने वस्त्यांचे प्रश्न पाहण्यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली. जिम डायर्स हे तिचे पहिले संचालक. मोर्चे काढणाऱ्या, शहराच्या कारभाराशी भांडणाऱ्या नागरिक संघटनांचे काम करणारा हा माणूस. त्याला शहराने कचेरीतच आणून बसवले, आणि तो 2002 पर्यंत तिथे टिकला. निधी सुरू झाला तेव्हा वर्षाला दीड लाख डॉलर होता, 2001 पर्यंत तो 45 लाखांवर गेला. 1991 मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलने त्याला नव्या धर्तीच्या सरकारी कामासाठीचा पुरस्कार दिला. पुढे इतर अनेक शहरांनी ही पद्धत उचलली.

पद्धत साधी आहे. शहराकडून जेवढे मागाल, तेवढ्या मोलाची भर रहिवाशांनी घालायची. ही भर रोख चालते, तसेच दुकानदाराने दिलेले सिमेंट चालते, वस्तीतल्या आर्किटेक्टने फुकट काढून दिलेला नकाशा चालतो आणि नुसते श्रमही चालतात. श्रमाचा तासाचा दर शहर ठरवते. कोण किती वेळ आले याचा हजेरीपट ठेवावा लागतो. मला या योजनेतले सर्वांत शहाणपणाचे कलम हेच वाटते. मोठ्या बंगल्यात राहणारा डॉक्टर आणि हॉटेलात भांडी घासणारा कामगार रविवारी सकाळी शेजारी शेजारी फावडे मारत असतील, तर दोघांच्या तासाची किंमत सारखीच धरली जाते. ज्या वस्तीकडे पैसा नाही तिच्याकडेही हात असतात, आणि त्या हातांवर शहराकडून पैसे मिळवता येतात. रोख वर्गणीची अट घातली असती तर निधी सधन वस्त्यांकडेच गेला असता.

दुसरी अट अशी, की शहर जे काम एरवी करतेच, त्याच्यासाठी हा निधी नाही. तिथे कुणी खड्डे बुजवायला पैसे मागत नाही. खेळाचे मैदान, भिंतीवरचे चित्र, वस्तीच्या इतिहासाची पुस्तिका, सामाईक भाजीबाग अशी कामे होतात. ‘पी-पॅच’ नावाच्या सामाईक बागा सिअ‍ॅटलमध्ये 1973 पासून आहेत, त्यांतल्या कितीतरी पुढे याच पैशाने उभ्या राहिल्या. ब्रॅडनर गार्डन्सची गोष्ट तर मजेशीर आहे. 1990 च्या दशकात ही जागा घरांसाठी विकण्याचे शहराच्या मनात होते. शेजाऱ्यांनी बागेचा आग्रह धरला, उद्यानांच्या जमिनी वाचवणाऱ्या कायद्यासाठी सह्या गोळा केल्या आणि जागा राखली. नंतर तिथली बाग फुलवायला पैसा घेतला तो शहराच्याच निधीतून! ज्याच्याशी भांडलो त्याच्याकडेच हक्काने अर्ज करायचा, हे आपल्या स्वभावाला जमण्यासारखे आहे.

आता पुण्याकडे येऊ.

पुणे महापालिकेत ‘नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक’ 2006 पासून आहे. तेव्हाचे आयुक्त नितीन करीर यांच्या काळात ते सुरू झाले. लोकांनीच शहराचा खर्च ठरवावा ही कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये अमलात आणली आणि तिथून ती जगभर पसरली. पुणे हे तिच्या भारतातल्या जुन्या घरांपैकी एक म्हणायला हरकत नाही. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास महापालिका नागरिकांकडून कामे मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. एका कामाला 5 लाखांपर्यंतची मर्यादा असते आणि प्रभागाचीही एकूण मर्यादा ठरलेली असते. क्षेत्रीय कार्यालय छाननी करते, कनिष्ठ अभियंता खर्चाचा अंदाज बांधतो, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि मान्य झालेली कामे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात छापून येतात.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र पैसे तुमच्या हातात येणार नाहीत. सिअ‍ॅटलमध्ये रहिवाशांचा गट शहराशी करार करतो आणि काम स्वतः करतो. पुण्यात तुम्ही काम सुचवता. निविदा महापालिका काढते, ठेकेदार काम करतो, बिल लेखा विभाग मंजूर करतो. अर्ज टाकल्यावर तुमची कागदोपत्री भूमिका संपते. एखाद्या सकाळी गल्लीत येऊन पाहावे तर बाक बसलेले असतात, तेही सावलीच्या उलट बाजूला.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती आपल्या बाजूची. वर्षानुवर्षे या योजनेत येणाऱ्या अर्जांत पदपथ दुरुस्ती, गटाराची झाकणे, पथदिवे, सांडपाण्याची वाहिनी यांचीच गर्दी असते. ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ उघडून पाहा. कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत: रस्ते झाडणे, गटारे, दिवे वगैरे. ही करावीच लागतात, कुणी अर्ज करो वा न करो. कलम 66 मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. बागा, मैदाने ही त्यात येतात. आपण काय करतो, तर कलम 63 खाली जे आपले हक्काचे आहे तेच आपल्या वाट्याच्या 5 लाखांतून विनवणी करून मागतो. महापालिकेलाही हे सोयीचे पडते. गटाराचे झाकण बसले, वर ‘लोकसहभाग’ही झाला.

म्हणून तुमच्या नाल्याकाठच्या जागेबाबत माझा सल्ला असा, की प्रश्नाचे दोन तुकडे करा. कचऱ्याचा ढीग उचलणे हा पहिला तुकडा. घनकचरा विभाग अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतो आणि तो साफ करणे हे त्यांचे काम आहे. त्यासाठी अर्ज करू नका, तक्रार करा. आरोग्य निरीक्षकाला जागेवर बोलवा, तक्रारीचा क्रमांक घ्या. नागरिकांच्या अंदाजपत्रकातली एक कवडीही त्यावर घालवू नका.

दुसरा तुकडा असा, की ढीग गेल्यावर त्या जागी काय असेल? कारण मोकळी राहिली तर आठवड्यात पुन्हा ढीग होणार, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. फ्रीमाँटच्या लोकांना नेमके हेच कळले होते. इथे 5 लाखांचा अर्ज करा. पण आधी जागा कुणाच्या मालकीची आहे ते सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बघा. महापालिकेची असेल तरच पुढे जा. खासगी असेल किंवा पाटबंधारे खात्याची असेल, तर अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो. आणि नाल्याच्या पात्रात किंवा अगदी काठावर काहीही पक्के बांधायला सुचवू नका. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले ते पुणे विसरलेले नाही. पाणी अडणार नाही, वाहून गेले तर कुणाचे नुकसान होणार नाही असेच काहीतरी हवे: देशी झाडे, मातीची पायवाट, काठापासून मागे सरकवलेले चार बाक.

अर्जात ‘सुशोभीकरण’ हा शब्द लिहू नका. तो शब्द दिसला की कंपाउंड, फरशी आणि नावाची पाटी असे तिहेरी अंदाजपत्रक आपोआप तयार होते. किती झाडे, कोणती, कुठे, किती मीटर वाट, हे लिहा. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि दोन फोटो लावा. कनिष्ठ अभियंत्याचे काम जितके सोपे कराल तितके तुमचे काम पुढे सरकेल.

भारतात सिअ‍ॅटलच्या सर्वांत जवळ जाणारी योजना पुण्यात नाही, तमिळनाडूत आहे. ‘नमक्कु नामे’, म्हणजे ‘आपल्यासाठी आपणच’, ही योजना तिथे 1997-98 मध्ये आली. मधल्या काळात सरकार बदलल्यावर तिचे नाव बदलले, 2021 मध्ये शहरांसाठी ती जुन्या नावाने पुन्हा सुरू झाली. लोकांनी खर्चाचा किमान तिसरा हिस्सा उभा करायचा, तलाव-तळ्यांच्या कामात निम्मा. उरलेला सरकार घालते. आपल्याकडे गणेश मंडळे दरवर्षी मांडव, मिरवणूक आणि वर्गणीचा हिशेब इतका चोख सांभाळतात, की अशी योजना महाराष्ट्रातल्या शहरांत का चालू नये, हे मला तरी समजलेले नाही. मांडव घालणाऱ्या मुलांना एका बागेचा हजेरीपट जड जाणार नाही.

प्रश्न: तुम्ही लोकसहभागाचे कौतुक करता. पण आम्ही मालमत्ता कर भरायचा, पाणीपट्टी भरायची, आणि वर रविवारी फावडेही आम्हीच मारायचे? मग महापालिका कशासाठी?
— एक करदाता, नाशिक

उत्तर: तुमचा राग रास्त आहे आणि त्याला मुंबईचा आधारही आहे. तिथे लोकसहभागाच्या दोन योजना शेजारी शेजारी चालल्या. एक ‘एएलएम’, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी गल्लीचा कचरा स्वतःच वेगळा करायला सुरुवात केली आणि ती पद्धत महापालिकेने शहरभर नेली. रहिवाशांच्या समितीची नोंद होते, वॉर्ड ऑफिसातला एक अधिकारी तिच्याशी बोलायला नेमला जातो. पैसा जवळजवळ नाही, पण अधिकारी फोन उचलतो. आणि मुंबईत ही लहान गोष्ट नाही.

दुसरी ‘दत्तक वस्ती योजना’. झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी महापालिका स्थानिक संस्थांना अनुदान देत असे आणि त्या संस्था वस्तीतल्याच माणसांकडून झाडलोट करून घेत. कागदावर ही माणसे ‘स्वयंसेवक’ आणि हातात पडे ते मानधन. कामगार संघटनांनी याला विरोध केला. रोज झाडू मारणाऱ्याला स्वयंसेवक म्हटले की किमान वेतनाचा प्रश्नच उरत नाही, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो मला बिनतोड वाटतो. पेडर रोड झाडणारा कायम कामगार, आणि झोपडपट्टी झाडणारा स्वयंसेवक! सहभागाच्या नावाखाली हे चालू नये.

त्यामुळे मघाची कलम 63 आणि कलम 66 ची रेघ तुमच्यासाठीही महत्त्वाची आहे. रोजची सफाई, पाणी, गटार, दिवे यांत नागरिकांचे फुकट श्रम एक मिनिटही नकोत. तिथे फावडे मारणे म्हणजे कुणाचा तरी रोजगार खाणे. मात्र शेजाऱ्यांना हवी असलेली आणि महापालिकेवर बंधनकारक नसलेली गोष्ट, म्हणजे वाचनकट्टा, भाजीबाग, मुलांचा झोपाळा, यासाठी रविवार दिला तर तो करावरचा कर होत नाही. शिवाय ज्या झाडाचा खड्डा आपण खणला त्याला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हा प्रश्न पडत नाही. महापालिकेने लावलेली झाडे पहिल्या मे महिन्यात का जळतात, ते तुम्हाला सांगायला नको.

सिअ‍ॅटललाही सगळे गोड नव्हते. निधीसाठी आलेल्या अर्जांना क्रम लावण्यात तिथल्या 13 वस्ती-परिषदांचा हात असे. 2016 मध्ये तेव्हाचे महापौर एड मरे यांनी या परिषदांशी शहराचे औपचारिक नातेच तोडले. कारण असे दिले, की परिषदांत बसणारे बहुतेक गोरे, वयाने मोठे आणि स्वतःच्या घरात राहणारे आहेत. भाडेकरू, तरुण, नव्याने आलेले स्थलांतरित तिथे दिसतच नाहीत. परिषदवाले अर्थातच चिडले. वर्षानुवर्षे संध्याकाळच्या बैठकांना आम्ही आलो, ते चुकले का, असे त्यांनी विचारले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संध्याकाळी सातच्या बैठकीला कोण येऊ शकते? ज्याची नोकरी सहाला सुटते तो. आपल्याकडच्या नागरिक समित्याही निवृत्त अधिकारी आणि सोसायटीचे अध्यक्ष यांनीच भरलेल्या असतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना कोणता झोपाळा हवा, हे तिथे कुणी विचारत नाही. तुमच्या नाशकात असे काही सुरू झाले, तर पहिली बैठक रविवारी दुपारी आणि जवळच्या वस्तीच्या समाजमंदिरात घ्या. वस्तीतल्या लोकांचे म्हणणेही करदात्यांच्या रागाइतकेच ऐकण्यासारखे असेल.

प्रश्न: आमचे काम दोन वर्षांपूर्वी नागरिकांच्या अंदाजपत्रकात छापून आले होते. अजून काहीच झालेले नाही. छापलेले काम होत नाही असे कसे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: छापून येणे म्हणजे तरतूद, आणि तरतूद म्हणजे खर्च नव्हे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. तोवर निविदा निघून काम झाले नाही तर त्या वर्षाची तरतूद बुडते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. दुसरा धोका ‘वर्गीकरणा’चा. अंदाजपत्रकातल्या एका कामाचे पैसे वर्षभरात दुसऱ्या कामाकडे वळवता येतात, त्याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतल्या, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या, कामांमागे कुणीतरी रोज फोन करणारे असते. तुमच्या कामामागे कुणी नसेल, तर पैसे वळवताना कुणाचा विरोध होणार? नागरिकांच्या नावाने आलेले अर्ज मुळात नगरसेवकांचेच असतात, ही तक्रारही पुण्यात जुनी आहे. 2022 च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आल्यावर फोन करणारे बदलले, फोनची गरज तेवढीच राहिली.

तेव्हा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल, आणि तो योग्य महिन्यांत. एप्रिलमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तकातला आपल्या कामाचा पान क्रमांक टिपून ठेवा. तक्रारीपेक्षा पान क्रमांकाला अधिकारी लवकर उत्तर देतात. जूनमध्ये क्षेत्रीय कार्यालयात जाऊन त्या कामाचे पूर्वगणन, म्हणजे खर्चाचा अंदाज, झाले का ते विचारा. दर महिन्याच्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत प्रश्न मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते पाहा. दिवाळीपर्यंत निविदेचा पत्ता नसेल, तर माहितीच्या अधिकारात दोनच प्रश्न विचारा: या कामाची तरतूद आज किती शिल्लक आहे, आणि तिचे वर्गीकरण झाले असल्यास कोणत्या ठरावाने? उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. जानेवारी उजाडल्यावर विचाराल तर उत्तर येईपर्यंत निविदेची वेळ निघून गेलेली असेल.